वसई प्रांतांतील तर, शुल्क व पथकर : माफीचे लेख आणि वसुलीचे कागद

१

वसई-विरारहून सहारच्या विमानतळास जाणाऱ्या मनुष्यास आज जी वाट धरावी लागते ती मुळांत नवी नाहीं. घोडबंदराजवळ वसईची खाडी ओलांडावयाची, साष्टी बेटांत उतरावयाचें, आणि बेटाच्या पश्चिम अंगानें दहिसर, बोरिवली, गोरेगांव हीं गांवें मागें टाकीत अंधेरीस पोंचावयाचें, हा मार्ग भूगोलानेंच ठरवून दिलेला आहे. खाडी, बेट व डोंगर हीं जेथल्या तेथेंच आहेत. बदललें तें ओलांडण्याचें साधन. होडीच्या जागीं पूल आला, बैलगाडीच्या जागीं मोटार आली, आणि वाटेच्या शेवटीं बंदराच्या जोडीस विमानतळ आला. परंतु ओलांडणाऱ्यानें कांहीं द्यावयाचें कीं नाहीं, द्यावयाचें तर कोणास व कशाबद्दल, हा प्रश्न सोपाऱ्याच्या भरभराटीच्या काळापासून आजतागायत त्याच वाटेवर उभा आहे.

ह्या प्रश्नाचा राजकीय निकाल लावण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस त्याचा विचार केवळ साधनांच्या दृष्टीनें कर्तव्य आहे. ह्या प्रांतांतील वाटकरासंबंधीं जे जुने लेख उपलब्ध आहेत ते एका ओळींत मांडून पाहतां एक गोष्ट आमच्या लक्षांत आली. दगडावर व तांब्यावर जें टिकलें तें बहुतेक सर्व माफीचें आहे. वसुलीचा पुरावा मात्र दप्तराच्या आश्रयानें राहिला, आणि दप्तर गेलें तेथें तोही गेला. यास्तव केवळ कोरीव लेखांवर विसंबणाऱ्यास हा प्रांत करमुक्त होता असें वाटावयाचें. खरा प्रकार उलट आहे. जी वसुली चालू नाहीं तिची माफी कोणी कोरवून घेत नाहीं. माफीचा प्रत्येक लेख हा वसुलीचाच साक्षीदार होय, आणि त्याची उलटतपासणी त्याच रीतीनें केली पाहिजे.

२

प्रथम शब्दांचा निवाडा करूं. ‘जकात’ ह्या एका नांवाखालीं आपण तीन निरनिराळे कर घालतों, आणि त्यामुळें कागद वाचतांना घोंटाळा होतो. कौटिलीय अर्थशास्त्रांत हे तिन्ही वेगळे सांगितले आहेत. मालावर घ्यावयाचें तें शुल्क. त्याची शाळा नगराच्या महाद्वाराजवळ, ध्वज उभारून, बांधावी असा नियम आहे. नदी उतरण्याबद्दल घ्यावयाची ती तर, म्हणजे उतराई. ती नावध्यक्षाच्या खात्यांत पडते, व तींतून ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, राजदूत व गर्भिणी स्त्रिया यांस सूट आहे. तिसरा कर वर्तनी. हा केवळ वाट चालल्याबद्दलचा. सरहद्दीवरील अंतपालानें मालाच्या गाडीमागें सवा पण घ्यावा, असें तेथें म्हटलें आहे. आणि त्याला लागूनच अशी आज्ञा आहे कीं, वाटेंत जें हरवेल किंवा चोरीस जाईल तें त्यानें भरून द्यावें.

ही दुसरी आज्ञा विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वर्तनी ही नुसती घेणी नव्हे. ती घेणारावर वाटेची जोखीम टाकते. ज्या वाटेवर कर, त्या वाटेची राखण करणाराकडे, असा हा करार आहे. पुढें कर घेणारे पुष्कळ झाले. कराराच्या दुसऱ्या अर्ध्याचा उल्लेख मात्र लेखांतून क्वचित् आढळतो.

३

आतां प्रत्यक्ष प्रांताकडे वळूं. सोपारें येथील अशोकाच्या आठव्या शासनाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं मिळाला, आणि नवव्या शासनाचा तुकडा जवळच भुईगांव येथें १९५६ सालीं सांपडला. आठव्या शासनाचा विषयच प्रवास हा आहे : पूर्वींचे राजे विहारयात्रेस, म्हणजे शिकारीस व करमणुकीस, जात, ह्या राजानें तिच्या जागीं धर्मयात्रा घातली. पश्चिम किनाऱ्यावरील एका बंदरांत हें शासन कोरलें जावें यावरून तेथील रहदारीचें मान कळतें. परंतु त्या रहदारीवरील कराविषयीं त्यांत अक्षर नाहीं.

कराविषयीं पहिला स्पष्ट उल्लेख नाशिकच्या दहाव्या लेण्यांत आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई, दीनिकाचा पुत्र, उषवदात यानें आपल्या दानांची यादी तेथें कोरविली आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका ह्या सहा नद्यांवर त्यानें नावा ठेवून उतार फुकट केला, म्हणजे ‘पुण्यतर’ घातली, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया केल्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग ह्या चार ठिकाणीं त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधिल्या. ह्यांपैकीं शोर्पारग म्हणजे आपलें सोपारें. दाहनुका ही डहाणूची खाडी असें मानण्यांत येतें, आणि डहाणू आज सोपाऱ्याप्रमाणेंच पालघर जिल्ह्यांत मोडतें.

ह्या लेखाचें महत्त्व दानापेक्षां ‘पुण्यतर’ ह्या शब्दांत आहे. फुकट उतारास वेगळें नांव द्यावें लागलें, यावरून सामान्य उतारास पैसा पडत होता हें उघड होतें. तो किती पडे, कोण घेई, ठेका होता कीं राजाचा नोकर बसे, याविषयीं लेख मुका आहे. दानाचें पुण्य दात्यास हवें होतें म्हणून तें दगडावर चढलें. उताऱ्याच्या दराचें पुण्य कोणासच नव्हतें. त्याचबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, वसईची खाडी ह्या सहांच्या यादींत नाहीं. सोपाऱ्यास धर्मशाळा मिळाली, तेवढ्यावरून त्याच्या दक्षिणेकडील खाडीचा उतारही फुकट होता असें धरणें शास्त्रशुद्ध होणार नाहीं.

४

सोपारें व कल्याण ह्या बंदरांचा माल जुन्नराकडे चढे तो नाणेघाटानें. डोंगराची कड फोडून केलेली ही वाट आजच्या बोगद्याची पूर्वज म्हणतां येईल. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, आणि तो जकातीचीं नाणीं टाकण्यासाठीं होता अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. घाटाचें नांवही लोक ह्याच समजुतीस जोडतात. रांजण मोठा आहे, जागा नाक्यास योग्य आहे, हें सर्व कबूल. तथापि रांजणावर लेख नाहीं. जवळच्या लेण्यांतील नागनिकेचा सुप्रसिद्ध लेख यज्ञ व दक्षिणा यांविषयीं बोलतो. वाटकराचें त्यांत नांव नाहीं. घाटमाथ्यावरील थकलेल्या माणसास व जनावरास पाण्याची गरज नाण्यांहून अगोदरची आहे, हेंही विसरतां येत नाहीं.

म्हणून आमच्या मतें हा रांजण वसुलीच्या पुराव्यांत धरूं नये. नाणेघाटावर कर घेत असतील हें अत्यंत संभवनीय आहे. परंतु संभव आणि साधन यांत अंतर आहे. वसुलीचा मूर्त पुरावा म्हणून लोकांस दाखवावयास एक रांजणच सांपडावा, ह्यावरून आमचें मूळ म्हणणेंच बळकट होतें.

५

यानंतर सुमारें हजार वर्षांनीं दुसरी माफी भेटते. उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अनंतदेव याचा शके १०१६ (इ. स. १०९४-९५) चा ताम्रपट खारेपाटण येथें मिळाला, तो काशीनाथ त्रिंबक तेलंग यांनीं प्रसिद्ध केला आहे. राजाचा अमात्य भाभण श्रेष्ठी व त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांस स्थानक, नागपुर, शूर्पारक, चेमुली इत्यादि बंदरांत शुल्क माफ केल्याचें त्यांत लिहिलें आहे. शूर्पारक पुन्हां तेंच सोपारें.

दोन्ही लेख शेजारीं ठेवून पाहावे. उषवदाताची माफी उतरणाऱ्या सर्वांस होती. अनंतदेवाची दोघां भावांस. पहिली तर होती, दुसरें शुल्क. पहिलींत दात्यानें स्वतः नावा व पाणपोया पुरविल्या. दुसरींत राजानें आपलें येणें सोडलें, एवढेंच. दोघांसही ‘जकातमाफी’ हें एकच नांव देऊन चालणार नाहीं. ताम्रपटांतील माफी ही जवळच्या माणसांस दिलेली सवलत आहे, आणि तिचा बोजा त्याच बंदरांतील इतर व्यापाऱ्यांच्या तुलनेनें मोजला पाहिजे. भाभणाचा माल बिनशुल्क आला त्या दिवशीं त्याच धक्क्यावर दुसऱ्या कोणाचा माल शुल्क देऊन आला, हें ताम्रपट सांगत नाहीं. परंतु तसें नसतें तर ताम्रपट कोरण्याचें कारणच नव्हतें.

६

आमच्या म्हणण्यास एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. १५३४ सालच्या तहानें गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई पोर्तुगिजांस दिली. त्यानंतर वीस वर्षांनीं, १५५४ सालीं, सिमांव बोतेल्यु यानें पोर्तुगीज राज्याच्या उत्पन्नाची जी नोंदवही केली, तींत वसईच्या निरनिराळ्या उत्पन्नांचीं कलमें आहेत. लिस्बन येथें ती १८६८ सालीं छापली गेली. जकातघर ह्या अर्थाचा आपला ‘मांडवी’ हा शब्द तींत पोर्तुगीज वळणानें आलेला आहे, ही भाषेच्या अभ्यासकांस गंमतीची गोष्ट. वसई तालुक्याच्या पूर्वभागांत मांडवी नांवाचें गांव आजही आहे. परंतु केवळ नामसादृश्यावरून तेथें नाका होता असें आम्ही म्हणणार नाहीं.

हा अपवाद नियमास कसा धरून आहे तें पाहावें. बोतेल्युची वही दगडावर नव्हती. ती दप्तरांत होती, आणि दूरच्या राजास आपलें उत्पन्न कळावें म्हणून तयार झाली होती. मालक दूर असला म्हणजे हिशेब लिहावा लागतो, आणि हिशेबाच्या नकला सुरक्षित राहतात.

मराठ्यांचेंही तसेंच. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर प्रांताचा कारभार मोडी दप्तरांत येऊं लागला. मालाच्या भरण्यावर थळभरीत, विक्रीवर थळमोड, जनावरांच्या विक्रीवर शिंगशिंगोटी अशीं जकातीचीं कलमें मराठी अंमलांत सर्वत्र प्रसिद्ध आहेत, आणि माफी असेल तेथें वाटेवरील नाकेदारांस दाखविण्यासाठीं दस्तक मिळे. येथें माफी व वसुली दोन्ही कागदावर आलीं. परंतु आमच्या पूर्वसूरींची दृष्टि कोणीकडे गेली? रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत पेशवे दप्तराचे जे ४५ भाग संपादिले, त्यांत वसईच्या मोहिमेस स्वतंत्र भाग मिळाला. तो मिळावयासच हवा होता. तथापि किल्ला घेतला त्या दिवसाचीं पत्रें आपण छापलीं, आणि त्यानंतर खाडी उतरणाऱ्याकडून रोज काय घेतलें याचे हिशेब रुमालांतच राहूं दिले. संशोधकांच्या आवडीनेंही वसुली मागें पडते, हें आपण आपल्याशीं कबूल केलें पाहिजे.

७

इंग्रजी अंमलांत मुंबई इलाख्यांतील अंतर्गत वाहतुकीवरील जुन्या जकाती १८३८ च्या कायद्यानें उठल्या. शुल्क गेलें, पण वर्तनी राहिली. रस्ते व पूल यांवरील कराकरितां १८७५ सालीं इलाख्याचा स्वतंत्र कायदा झाला. याच शतकांत वसईच्या वाटेच्या दक्षिण टोंकाशीं माफीचें आणखी एक उदाहरण घडलें. साष्टी व मुंबई यांमधील माहीमची खाडी बांधून काढण्यास सरकार पैसा देईना, तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं सुमारें दीड लक्ष रुपये दिले, आणि ह्या वाटेवर कर घेऊं नये अशी अट घातली. हा रस्ता १८४५ सालीं खुला झाला. उषवदाताच्या पुण्यतरीचें इतकें जवळचें प्रतिरूप आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं : दात्यानें स्वतः साधन पुरविलें, आणि उतरणाऱ्या सर्वांस तें मोफत ठेविलें.

वसईच्या खाडीवर मात्र प्रथम आला तो लोहमार्ग. मुंबई-बडोदें रेल्वेची गाडी १८६४ सालीं खाडी ओलांडून मुंबईंत ग्रँट रोडपर्यंत येऊं लागली. पुलाचा खर्च तिकिटांत मिसळून गेला, आणि उतराई हें वेगळें कलम प्रवाशाच्या नजरेआड झालें. त्याच दोन पुलांच्या मध्यें पाणजू बेट आहे. आगगाडी त्यावरून जाते. बेटावरील लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या होडीनेंच खाडी उतरत आले. नवें साधन आलें म्हणजे जुनी तर सर्वांसाठीं एकदम संपत नाहीं, हें इतिहासकारानें पाणजूवरून शिकावें.

८

आतां विमानतळाच्या वाटेकडे येऊं. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेंच उतरले. पुढें सांताक्रूझ व सहार हीं स्थळें प्रमुख झालीं. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपालिका व आसपासचीं गांवें मिळून ३ जुलै २००९ रोजीं महानगरपालिका झाली, आणि तिच्या लक्षावधि रहिवाशांचा विमानतळाकडील रस्ता घोडबंदरच्या पुलावरून व दहिसरच्या नाक्यावरून पडला.

दहिसर म्हणजे कौटिल्याच्या भाषेंत मुंबईचें उत्तर महाद्वार. तेथें बरींच वर्षें दोन कर एकाच जागीं नांदत होते. शहरांत येणाऱ्या मालावर मुंबई महानगरपालिकेची जकात होती, ती शुल्क. ती १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर बंद झाली. दुसरा पथकर, उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठीं मुंबईच्या पांच प्रवेशद्वारांवर बसविलेला, ती वर्तनी. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांस हा पथकर माफ झाला. त्या वेळीं मोटारीस एका खेपेचे ४५ रुपये पडत. मालमोटारींस ही माफी नव्हती. शिलाहारांच्या ताम्रपटास विचारलेला प्रश्न येथेंही विचारावा : माफी कोणास, आणि तिच्या शेजारीं उभा राहून देतो कोण? वसईचा प्रवासी सुटला. वसईची भाजी व फुलें मालमोटारींतून गेलीं तर तीं सुटलीं नाहींत.

जुनी तरही परत आली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून वसई किल्ल्याजवळील जेटी व भाईंदर यांमध्यें मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू झाली, भाडें घेऊन. घोडबंदर येथें नवा पूल २०२३ सालीं खुला झाला. विरारच्या उत्तरेस खानिवडें येथें राष्ट्रीय महामार्गाचा नाका आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्‌घाटन झालें. त्या बाजूस वसई तालुक्यांतील नवघरापासून पेण तालुक्यांतील बलवलीपर्यंत मोठा मार्ग आंखलेला आहे. ठाणें व बोरिवली यांमधील डोंगराखालून ११.८ किलोमीटरांच्या जोडबोगद्याचें भूमिपूजन जुलै २०२४ मध्यें झालें. नाणेघाटाच्या काळीं डोंगर माथ्यावर फोडीत, आतां पोटांतून फोडतात. कर घेणें न घेणें हें पुढील राज्यकर्ते ठरवितील. त्याचा पुरावा ठेवणें हें मात्र आपल्या हातीं आहे.

९

आणि ह्याच ठिकाणीं संग्राहकांस आमची विनंति आहे. वसुलीचा कागद पूर्वीं दप्तराबरोबर जाई. आतां तो दप्तराआधींच जात आहे. नाक्यांवरील यंत्रांतून निघणाऱ्या पावत्या उष्णतेनें उमटणाऱ्या कागदावर असतात. एका नाक्यावरील अशा पावत्यांची जुडी आम्हीं कित्येक वर्षें जपून ठेविली होती. मागील पावसाळ्यांत सोडून पाहतां तारीख, दर, वाहनाचा प्रकार, सर्व अक्षरें उडून कोरे तुकडे हातीं आले. वाळवीनेंही इतकें स्वच्छ काम केलें नसतें. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. रक्कम परस्पर खात्यांतून वळती होते, आणि बहुतेकांस पावती मिळतच नाहीं.

म्हणून तीन गोष्टी कराव्या. पहिली, हातीं आलेल्या प्रत्येक पावतीची टिकाऊ कागदावर ताबडतोब नक्कल घ्यावी आणि मूळ पावती उजेड व उष्णता यांपासून दूर ठेवावी. दुसरी, नाक्यावरील फलकांचीं छायाचित्रें तारखेसह ठेवावीं. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर दरांबरोबर ज्यांस माफी आहे त्यांचीही यादी लावलेली असते. दर आणि माफी एकाच फलकावर येणें हें आमच्या इतिहासांत अपूर्व आहे. परंतु दर फिरले कीं फलक पुसून नवा रंगवितात, आणि जुना ताम्रपट वितळवून नवा ओतावा तसें होतें. तिसरी, जुन्या घरांतून मोडी रुमाल सोडतांना सनदा व महजर वेगळे काढून जकातीचे व तरीचे फुटकळ हिशेब रद्दींत घालण्याची जी चाल आहे ती सोडावी. त्यांवर कोणा मोठ्या पुरुषाची मुद्रा नसते. परंतु खाडी उतरणाऱ्या सामान्य मनुष्याचें इतिहासांत नोंदलेलें दुसरें नांव नाहीं.

उषवदातानें सहा नद्यांवर उतार फुकट केला हें आज आपणांस अक्षरशः वाचतां येतें. त्याच्या आदल्या दिवशीं डहाणूच्या तीरावर नावाड्याच्या हातावर किती पडलें, हें मात्र कायमचें गेलें. दहिसरच्या ४५ रुपयांची तीच गत होऊं नये, इतकाच ह्या लेखाचा हेतु. असो.